तापाची रजा कुणाच्या खात्यातून?

माझी बहीण पुण्यात बाणेरला राहते. त्यांच्या सोसायटीत एक काकू स्वतःच्या फ्लॅटमध्ये पाळणाघर चालवतात. पावसाळ्याच्या तोंडावर त्यांनी पालकांच्या ग्रुपवर कळवलं, की ताप, उलट्या किंवा जुलाब असलेलं मूल पाठवू नका, ताप उतरून चोवीस तास झाले की आणा. त्यावर जे रणकंदन माजलं त्याचे स्क्रीनशॉट मला इकडे जर्मनीत, श्टुटगार्टला येत राहिले. ‘महिन्याचे पूर्ण पैसे घेता, मग आजारपणात नाही कसं म्हणता?’ असा एक पक्ष. ‘लोकांना आजारी पोरं दुसऱ्याच्या गळ्यात मारायची सवयच लागलीय’ असा दुसरा. मध्येच एका आजोबांनी ‘आमच्या वेळी आया घरी असायच्या’ म्हणून घेतलं आणि गाडी मुलांच्या जुलाबांवरून बायकांच्या नोकऱ्यांवर गेली, ती परत आलीच नाही.

काकूंचा नियम योग्य आहे. पण तो पाळायला लागणारी सुट्टी आईबापांकडे नाही, आणि त्याबद्दल त्या ग्रुपवर कुणी चकार शब्द काढला नाही.

आमची मुलगी इथे एका टागेसमुटरकडे जाते. टागेसमुटर म्हणजे स्वतःच्या घरी मुलं सांभाळणारी बाई, काम थेट काकूंचंच. मात्र तिला मुलांच्या कल्याणाचं काम पाहणाऱ्या सरकारी कार्यालयाचा परवाना लागतो, त्याची मुदत पाच वर्षं असते, मुलांच्या प्रथमोपचाराचा कोर्स करावा लागतो आणि एका वेळी पाचपेक्षा जास्त मुलं घेता येत नाहीत. तिच्या न्हाणीघरात मुलांच्या उंचीवर खुंट्या आहेत. प्रत्येक खुंटीवर एकेक चित्र आणि त्याखाली त्या-त्या मुलाचा पंचा. आमच्या लेकीची खुंटी साळिंदराची. दीड वर्षाच्या पोराला अक्षर कळत नाही, साळिंदर बरोबर कळतं. डायपर बदलताना ती गादीवर कागद अंथरते, हातमोजे घालते, नंतर गादी पुसते, मग स्वतःचे हात साबणाने धुते आणि मुलाचेही धुते. सॅनिटायझरची बाटली असते, पण ती साबणाच्या जागी नाही. ते बरोबरच आहे, कारण लहान मुलांत उलट्या-जुलाबांची साथ पसरवणारा नोरोव्हायरस नुसत्या अल्कोहोलच्या जेलला फारसा जुमानत नाही. ऐन जानेवारीतही ती अधूनमधून पाच मिनिटं खिडक्या सताड उघडते. आमची आई इथे आली होती तेव्हा हे बघून तिलाच हुडहुडी भरली.

यातलं महाग काहीच नाही. काकूंकडेही प्रत्येकाचा डबा, बाटली, पांघरूण वेगळं असतं. फक्त बेसिनजवळ सगळ्यांना मिळून एक नॅपकिन, आणि डायपर बदलणारी मदतनीस तीच, मऊभात भरवणारीही तीच. मधल्या वेळेत हात साबणाने धुतले गेले की नाही, यावर आठ मुलांची पोटं अवलंबून असतात. आठ पंचे आणि आठ खुंट्या घ्यायला काकूंना कुणाची परवानगी नको.

आता घरी कुणाला ठेवायचं, हा प्रश्न. जर्मनीच्या संसर्गविषयक कायद्याप्रमाणे सहा वर्षांखालच्या मुलाला संसर्गजन्य उलट्या-जुलाब असतील किंवा तसा नुसता संशय असेल, तरी ते पाळणाघरात जाऊ शकत नाही. लक्षणं थांबल्यावर साधारण ४८ तास थांबावं, असं रॉबर्ट कॉख ही इथली साथरोगांवरची सरकारी संस्था सांगते. गोवराबाबत तर मार्च २०२० पासून लसीचा पुरावा सक्तीचा आहे आणि टागेसमुटरच्या घरालाही तो नियम लागू आहे. वर्ष पूर्ण झाल्यावर एक डोस, दोन वर्षांपासून दोन. आपल्याकडे गोवर-रुबेलाची लस नवव्या महिन्यात आणि पुन्हा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. तरीही २०२२च्या अखेरीस मुंबईत गोवंडीच्या बाजूला गोवराने मुलं दगावली. काकूंच्या प्रवेशाच्या फॉर्मवर रक्तगट आहे, ॲलर्जी आहे, आजोबांचा मोबाईल नंबरसुद्धा आहे. लसीकरणाच्या कार्डाची झेरॉक्स मात्र मागितलेली नाही. पाळणाघरात नऊ महिन्यांखालचं, अजून लस न मिळालेलं एखादं बाळ असतंच. त्याचा बचाव बाकीच्या मुलांच्या कार्डावर असतो.

सर्दीच्या बाबतीत मात्र माझं इथल्या काही पालकांशी जमत नाही. शेंबूड हिरवा झाला की त्यांना पोर घरी हवं असतं, अर्थात दुसऱ्याचं. लहान मुलाला वर्षाला आठ-दहा सर्द्या होणं हे सर्वसाधारण आहे. शिवाय विषाणू बहुतेकदा नाक वाहायच्या आधीच पसरायला लागलेला असतो. वाहत्या नाकावर बंदी घातली तर ऑक्टोबर ते मार्च टागेसमुटरच्या घरी ती आणि तिची मांजर, दोघीच उरतील. हात-पाय-तोंडाच्या पुरळाचंही तसंच. पुण्यात दर पावसाळ्यात त्याची घबराट उडते आणि ‘डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणा’ सुरू होतं. पण त्याचा विषाणू बरं झाल्यानंतरही कित्येक आठवडे शौचातून जात राहतो, सर्टिफिकेट घेऊन तो थांबत नाही. मूल जेवायला-खेळायला लागलं, फोड सुकले, की येऊ द्यावं, आणि डायपरनंतर हात धुण्याकडे जास्त लक्ष द्यावं.

मग तापाचा एवढा बाऊ कशासाठी? माझ्या मते त्यात संसर्गापेक्षा हातांचा हिशोब मोठा आहे. तापलेलं मूल कडेवरून उतरत नाही. एका बाईला दोनच हात असतात, आणि एक मूल कडेवर असताना उरलेली चार जिन्याकडे निघालेली असतात. काकूंनी ग्रुपवर नेमकं हेच लिहायला हवं होतं. ‘इन्फेक्शन होईल’ म्हटलं की प्रत्येक आईबाप ‘माझ्यामुळे नाही’ म्हणून भांडायला उठतो.

जर्मन लोक नियम पाळणारे म्हणून इथे हे जमतं, असं कुणी म्हणालं तर ते खरं मानू नका. सकाळी साडेसातला पोराला पॅरासिटामॉलची सपोझिटरी (गुदद्वारात ठेवायची गोळी) ठेवून पाठवणारे इथेही आहेत. औषधाचा असर चार-सहा तासांचा, त्यामुळे दुपारच्या झोपेच्या सुमाराला पोर फणफणतं आणि टागेसमुटरचा फोन येतो. ‘न्यायला या.’ आवाजावरून कळतं, की तिला सगळं कळलेलं आहे.

तरीही नियम एकंदरीत टिकतो, कारण त्याच्यामागे पैसा आहे. २०२४ पासून सरकारी आरोग्यविम्यातल्या प्रत्येक पालकाला बारा वर्षांखालच्या प्रत्येक आजारी मुलामागे वर्षाला १५ दिवस मिळतात, एकट्या पालकाला ३०. त्या दिवसांत बुडालेल्या निव्वळ पगाराच्या साधारण ९० टक्के रक्कम विमा देतो. डॉक्टरांची चिठ्ठी लागते, ओळखीच्या रुग्णाला ती फोनवरही मिळू शकते. दुसरं म्हणजे, आमच्या गावात मूल चार दिवस आलं नाही तरी टागेसमुटरचे पैसे सरकारकडून चालू राहतात. दारात उभ्या असलेल्या बापाला ‘आज नको’ म्हणताना तिला स्वतःच्या घरभाड्याची धास्ती नसते. बाणेरच्या काकूंना असते. दोन पालक रुसून मूल काढून घेऊन गेले की त्यांचं महिन्याचं गणित बसत नाही.

आणि हे १५ दिवस आईचे वेगळे, बापाचे वेगळे. मी पहिल्यांदा ते घेतले तेव्हा मॅनेजरने ‘लवकर बरी होऊ दे’ एवढंच लिहिलं. सासऱ्यांनी मात्र फोनवर दोनदा विचारलं, “नोकरी ठीक चाललीय ना, जावईबापू?”

इथे सगळं आलबेल आहे असंही नाही. हे दिवस फेब्रुवारीतच निम्मे उडालेले असतात. खाजगी विमा असलेल्यांना हा हक्क नाही. टागेसमुटर स्वतः आडवी झाली की पाच घरांची सकाळ कोसळते. पर्यायी व्यवस्था कायद्यात आहे, पण रडणाऱ्या पोराला अनोळखी घरी सोडून ऑफिसला जाणं कायद्याने सोपं होत नाही. शेजारी आजी नाही, मावशी नाही. ताप आल्यावर काकू ज्या मायेने ओल्या फडक्याच्या घड्या ठेवत बसतात, ती माया इथे फोन करून पालकांना बोलावून घेते.

आपल्याकडे पाळणाघरांची चर्चा झाली ती २०१६ साली, खारघरच्या पाळणाघरात बाळाला मारहाण झाल्याचं चित्रीकरण बाहेर आलं तेव्हा. तेव्हापासून सगळा भर सीसीटीव्हीवर. कॅमेऱ्यात मार दिसतो, न धुतलेला हात दिसत नाही. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७च्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय सक्तीची केली. पण तापाचं मूल तिथेही घेत नाहीत, आणि घेऊही नये. केंद्र सरकारी नोकरीतल्या बाईला पूर्ण कारकिर्दीत ७३० दिवस बालसंगोपन रजा आहे, महाराष्ट्र सरकारच्या नोकरीत १८० दिवस. खाजगी नोकरीत असा स्वतंत्र हक्क नाही. तिथे आपली किरकोळ रजा संपवायची, आणि ती संपवते बहुधा आई.

हिंजवडीतल्या कंपन्यांना यातलं निदान थोडं उद्या करता येईल. आईला पाच आणि बापाला पाच दिवस, एकमेकांना न देता येणारे, मुलाच्या आजारपणासाठी. बापाचे त्याने घेतले नाहीत तर बुडतील. तिथल्या मित्रांना हे सुचवलं की एकच उत्तर येतं, ‘वर्क फ्रॉम होम देतात की!’ जुलाब लागलेलं दीड वर्षाचं पोर मांडीवर घेऊन यातल्या किती जणांनी क्लायंटचा कॉल केला आहे, ते मी विचारलं. दोघांनी सांगितलं, त्या दिवशी बायकोने सुट्टी घेतली होती.