'चार वर्षं गप्प बसा' म्हणणाऱ्या फॉरवर्डबद्दल

काल रात्री आतेभावानं एक फॉरवर्ड पाठवला, 'छोट्या ठेकेदारांनो, मोठ्या कंपनीशी वाद झाला तर हे पाच नियम पाळा', खाली जोडलेले हात. गडी खानापूर रोडला सेंट्रिंगची कामं घेतो, एका मोठ्या ठेकेदाराकडं त्याचे स्लॅबचे पैसे अडकलेत आणि मला विचारतोय, "दादा, म्हणजे मी बरोबरच करतोय की?" नाही रे बाबा. निपाणी, चिकोडीच्या ग्रुपवरही हेच फिरतंय म्हणून लिहितोय.

पाचवा नियम आधी घेतो, कारण गळा तोच कापतो. 'पैसे अडकले तर चार वर्षं गप्प बसा, संबंध टिकले की पैसे आपोआप येतात.' चारच का, ते लिहिणाऱ्यालाच माहीत! दावा लावायची मुदत ठरवणारा १९६३ चा लिमिटेशन अ‍ॅक्ट आहे, त्याच्या यादीतला अनुच्छेद १८ बघा. काम करून दिलं आणि पैसे कधी द्यायचे ते ठरलेलं नसेल तर दावा लावायला काम झाल्यापासून ३ वर्षं. चौथ्या वर्षी वकिलाकडं गेलात तर समोरच्यानं फक्त 'मुदत गेली' म्हणायचं, संपलं. आणि "गणपती होऊ दे, बघूया की", "वरून बिल पास झालं की देतो" असल्या तोंडी बोलण्यानं मुदत एक दिवस वाढत नाही. वाढते ती लिहून दिल्यावर. त्याच कायद्याचं कलम १८ (आकडा तोच, गोंधळू नका) सांगतं की मुदत संपायच्या आत समोरच्यानं देणं मान्य करून लेखी सही दिली तर त्या तारखेपासून पुन्हा मोजायचं. म्हणून भावाला सांगितलं, भांडू नको, त्याच्याकडं चहा पी, पण हिशेबाच्या कागदावर सही घेऊन ये, एवढे स्क्वेअर फूट, हा रेट, एवढे मिळाले, एवढे बाकी.

पहिला नियम, 'लिहून मागणं म्हणजे अविश्वास'. अहो, साईटवर इंजिनिअर कन्नडमध्ये सांगतो, मुकादम मराठीत समजून घेतो आणि करार इंग्रजीत असतो. इंजिनिअर बीम वाढवायला सांगून सहा महिन्यांत हुबळीला जातो, नवीन आलेला म्हणतो मला कोण बोललं नाही. यात खोटं कुणीच बोलत नसतं. तोंडी करारही कायद्यानं चालतो, पण सिद्ध कसा करणार?

दुसरा, 'काम बंद पाडा, धावत येतील'. करारात तशी मुभा नसेल तर करार तुम्हीच मोडला असं होतं, मग दुसरी टीम लावून तो खर्च तुमच्याच बिलातून कापतात. तिसरा, 'लोकल नेत्याला मध्ये घाला'. यावर काय लिहू, दोघांचा वाद तिघांचा होतो आणि तिसऱ्याचीही फी असते.

चौथ्यात, 'लवाद (कोर्टाबाहेर वादाचा निवाडा करायला नेमलेला माणूस) म्हणजे कंपनीचाच माणूस', थोडं खरं होतं, मान्य. पूर्वी कंपनीचाच साहेब लवाद म्हणून बसायचा. पण लवादाच्या कायद्यातल्या २०१५ च्या दुरुस्तीनं पक्षाच्या नोकराला लवाद व्हायला बंदी आली आणि २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं म्हटलं की असा माणूस स्वतःच्या मर्जीनं दुसरा एकटा लवादही नेमू शकत नाही. खर्च आणि वेळ जातो, ती तक्रार मात्र खरीच.

हे सगळं भावाला पाठवलं, त्यानं नुसता अंगठा टाकलाय. शेवटचा स्लॅब कुठल्या महिन्यात पडला विचारलं, त्याचं उत्तर अजून नाही.