एशियाड वेगळं, आशियाई अजिंक्यपद वेगळं

इंदूरच्या मराठी मंडळांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतो: ‘आशियाई ॲथलेटिक्स अजिंक्यपद 1951 साली दिल्लीत सुरू झालं आणि दर चार वर्षांनी भरतं. मिल्खासिंग तिथले पहिले भारतीय विजेते. पी. टी. उषाने 1985च्या एशियाडमध्ये पाच सुवर्णपदकं जिंकली. भारत यजमान झाला तो प्रथम 2013 साली, पुण्यात. 2017 मध्ये भुवनेश्वरला भारताला 29 सुवर्णपदकं मिळाली. इथला विजेता थेट ऑलिंपिकला जातो.’ गणेशोत्सवात लोकमान्यनगर, राजेंद्रनगरात मुलांची प्रश्नमंजूषा घेताना प्रश्न अशाच मजकुरातून उचलले जातात, आणि मग चुकीचं उत्तर देणाऱ्या मुलाला बक्षीस मिळतं. म्हणून एकेक विधान पाहू.

दिल्लीत 1951 साली भरलं ते पहिलं एशियाड, म्हणजे अनेक खेळांची आशियाई क्रीडा स्पर्धा. त्यात ॲथलेटिक्सबरोबर फुटबॉल, बास्केटबॉल, सायकलिंग, वेटलिफ्टिंगही होतं. फक्त ॲथलेटिक्सचं आशियाई अजिंक्यपद 1973 साली सुरू झालं, फिलिपिन्समध्ये मनिलाजवळच्या मारिकिना इथे. मिल्खासिंग यांची सुवर्णपदकं 1958च्या टोकियो एशियाडची (200 आणि 400 मीटर) आणि 1962च्या जकार्ता एशियाडची (400 मीटर आणि 4×400 रिले). अजिंक्यपद सुरू होण्याआधीच त्यांची कारकीर्द संपली होती.

उषाबद्दलची चूक सगळ्यात जास्त खटकते, कारण तिची सर्वांत मोठी कामगिरीच त्यात चुकीच्या खात्यावर जमा होते. 1985 साली एशियाड नव्हतंच. ते झालं 1982 ला दिल्लीत आणि 1986 ला सोलमध्ये. पाच सुवर्णपदकं जकार्ताच्या 1985च्या अजिंक्यपदातली: 100, 200, 400 मीटर, 400 मीटर अडथळा आणि 4×400 रिले. शिवाय 4×100 रिलेत कांस्य. वेगाची शर्यत, अडथळे आणि रिले, एकाच स्पर्धेत एकाच धावपटूने! सोल एशियाडमध्ये तिने चार सुवर्णपदकं जिंकली. तिथे 100 मीटरमध्ये फिलिपिन्सच्या लिडिया डी वेगाच्या मागे तिला रौप्यावर थांबावं लागलं.

घोटाळा होतो तो गावांच्या नावांमुळे. जकार्तात एशियाड झालं 1962 आणि 2018 ला, अजिंक्यपद 1985, 1995 आणि 2000 ला. दिल्लीत एशियाड 1951 आणि 1982 ला, अजिंक्यपद 1989 ला. मनिलात एशियाड 1954 ला, अजिंक्यपद 1993 आणि 2003 ला. तेव्हा ‘जकार्तात सुवर्ण’ एवढंच लिहिलेलं असेल तर आधी वर्ष पाहावं. एशियाड बहुधा सम वर्षी असतं, पण त्यावरही विसंबू नये: 2023 मध्ये बँकॉकचं अजिंक्यपद जुलैत झालं आणि पुढे ढकललेलं हांगझोऊ एशियाड त्याच वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरात.

दर चार वर्षांनी हेही खरं नाही. अंतर साधारण दोन वर्षांचं, तेही घसरतं. 1975 नंतर थेट 1979, 1995 नंतर 1998, तर 2002 चं कोलंबो आणि 2003 चं मनिला लागोपाठ. हांगझोऊचं 2021 चं अजिंक्यपद कोविडमुळे रद्द झालं, पण त्याचा 24 वा क्रमांक तसाच राहिला. बँकॉक 25 वं, दक्षिण कोरियातल्या गुमीचं 2025 चं 26 वं. म्हणजे क्रमांक 26, प्रत्यक्षात भरलेल्या स्पर्धा 25.

यजमानपद आधी दिल्लीला मिळालं होतं, 1989 मध्ये. पुणे दुसरं, भुवनेश्वर तिसरं. पुण्याकडे बालेवाडीची स्पर्धा आली ती चेन्नईहून: श्रीलंकेच्या खेळाडूंच्या सहभागावरून तमिळनाडू सरकारने नकार दिला होता. तिथे भारताची सुवर्णपदकं दोन, विकास गौडाची थाळीफेक आणि महिलांची 4×400 रिले.

भुवनेश्वरची 29 ही एकूण पदकं. स्पर्धा संपली तेव्हा 12 सुवर्ण, 5 रौप्य, 12 कांस्य. तेवढ्यावरही भारत पहिल्यांदाच तक्त्यात अव्वल आला, 1983 पासून दरवेळी पहिला राहिलेल्या चीनला मागे टाकून. इथे एक सुवर्ण हातातून गेलंही. महिलांच्या 800 मीटरमध्ये महाराष्ट्राची अर्चना आढाव पहिली आली, पण श्रीलंकेच्या तक्रारीनंतर धक्काबुक्कीच्या कारणावरून तिला बाद ठरवलं गेलं आणि सुवर्ण श्रीलंकेच्या धावपटूला मिळालं.

राहिला ऑलिंपिकचा मुद्दा. तिथे पात्रता वेळेचं किंवा अंतराचं ठरलेलं मानक गाठून नाहीतर जागतिक क्रमवारीतून मिळते. अजिंक्यपदातल्या क्रमांकाचे जादा गुण त्या क्रमवारीत धरले जातात, इतकाच संबंध. भुवनेश्वरच्या सुवर्णाने लंडनच्या जागतिक ॲथलेटिक्स स्पर्धेचं दार उघडत होतं, तरी 1500 मीटर जिंकलेल्या पी. यू. चित्राला भारतीय संघात घेतलं नाही आणि प्रकरण केरळ उच्च न्यायालयात गेलं.

मुलांना विचारायचंच असेल तर प्रश्न असा लिहा: ‘पी. टी. उषाने 1985 साली जकार्तात कोणत्या स्पर्धेत पाच सुवर्णपदकं जिंकली?’ पर्यायांत एशियाड जरूर ठेवा.