राष्ट्रीय प्रकाशक असल्याचा पुरावा जोडावा

‘त्रुटी क्र. ४ : पुस्तकाचा प्रकाशक राष्ट्रीय स्तरावरील असल्याबाबतचा पुरावा जोडावा. त्रुटी क्र. ५ : सदर पुस्तक हे लेखन नसून संपादन असल्याचे दिसते, सबब गुण ८.’

काल दुपारी शिपायाने माझ्या बढतीच्या फाईलवरचं हे पत्र टेबलावर आणून ठेवलं, तेव्हापासून डोकं ठणकतंय. सात वर्षं गेली हो त्या पुस्तकात! एका जुन्या वाड्याच्या माळ्यावर कागदांचे दोन रुमाल, म्हणजे फडक्यात बांधलेली गाठोडी, पडले होते. वाळवीने कडा खाल्लेल्या. चार उन्हाळ्याच्या सुट्ट्या मी त्या माळ्यावर काढल्या, वर पत्रा, खाली मी, नाकाला ओढणी. ज्यांनी मोडी लिपी वाचलीय त्यांना सांगायला नको. लिहिणाऱ्याने हात उचललेला नसतो, शब्द कुठे संपला ते कळत नाही, ऱ्हस्वदीर्घाचा पत्ता नाही. तारीख म्हणाल तर ‘सु॥ इसन्ने सबैन मया व अलफ, छ ५ रमजान’. म्हणजे अरबीत दोन, सत्तर, शंभर आणि हजार, झाले ११७२; ‘छ’ म्हणजे चंद्राची तारीख. हे शुहूर सन, मराठेशाहीच्या कागदांतली कालगणना. त्यात ५९९ मिळवायचे की ६००, हे महिना बघून ठरवायचं, कारण वर्ष मृगाला बदलतं. रमजान त्या साली कधी आला ते जंत्रीत शोधायचं. मग कुठे कळतं की हा कागद १७७१ च्या डिसेंबरातला. एका ओळीची ही कथा. अशा हजारो ओळी, वर टिपा, सूची, ऐंशी पानांची प्रस्तावना.

गुण ८.

बाहेरच्यांसाठी सांगते. कॉलेजात प्रोफेसर व्हायचं तर ‘कॅस’ची, म्हणजे बढतीच्या योजनेची, फाईल करावी लागते. यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, २०१८ ची नियमावली सांगते, दहा शोधनिबंध हवेत आणि संशोधनाचे किमान ११० गुण हवेत. गुणांचा तक्ता आहे. भाषा, इतिहास, समाजशास्त्र यांत एका निबंधाला १० गुण. राष्ट्रीय प्रकाशकाने काढलेल्या अख्ख्या पुस्तकाला १० गुण. संपादित केलं असेल तर ८. सहा पानांचा निबंध १०, आणि साडेपाचशे पानांचं मूळ कागदांचं संपादन ८! हा हिशेब ज्या कोणी टेबलावर बसून मांडला, त्याने आयुष्यात एकदा तरी पुस्तकाची सूची केलीय का, एवढंच मला विचारायचंय.

माझं सोडा. महामहोपाध्याय काण्यांचा धर्मशास्त्राचा इतिहास घ्या. पाच खंड, १९३० ते १९६२, साडेसहा हजारांवर पानं. १९६३ साली भारतरत्न. या तक्त्याने त्या ग्रंथाचे होतात पाच गुणिले दहा, पन्नास. ११० ला साठ कमी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या संस्कृत महाकोशाचं काम १९४८ ला सुरू झालं, पहिला खंड बाहेर पडला सत्तरच्या दशकात. तोवर एकेका शब्दाच्या चिठ्ठ्या करत बसलेल्या माणसांच्या फाईलमध्ये काय लागलं असतं? कोरा कागद.

छाननीच्या दिवशी समोर तिघं बसले होते, त्यातले दोघं विज्ञानाचे. माणसं वाईट नव्हती, उलट एका सरांनी स्वतःच्या थर्मासमधला चहा दिला. रसायनशास्त्राचे होते. पुस्तक चाळलं, मोडी कागदाच्या छायाचित्रावर बोट ठेवलं आणि अगदी मनापासून विचारलं, “पण मॅडम, यात तुमचं कॉन्ट्रिब्यूशन काय? हे कागद तर जुनेच आहेत.” मला हसावं की रडावं कळेना. म्हटलं, सर, तुमची मूलद्रव्यंसुद्धा जुनीच आहेत की. हे मनात म्हटलं. फाईल त्यांच्या हातात होती.

त्यांचाही दोष किती धरायचा? त्यांच्या दुनियेत प्रयोगशाळा असते, चार-पाच विद्यार्थी असतात, वर्षाला तीनचार निबंध निघतात आणि दोन वर्षांत ज्याचा दाखला कोणी दिला नाही तो निबंध मेला असं समजतात. इम्पॅक्ट फॅक्टर नावाची जी चीज आहे ती तशीच मोजतात, मागच्या दोन वर्षांतले निबंध यंदा किती वेळा उद्धृत झाले ते बघून. आमच्यात दोन वर्षांत लोकांचं पुस्तक मागवून होतं. वाचणं पुढे. आणि मराठी त्रैमासिकाला हा आकडा देणार कोण? भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून आहे. त्याच्या जुन्या त्रैमासिकांशिवाय मराठेशाहीवर पान हलत नाही, पण ‘आयएफ किती?’ या रकान्यात तिथेही आडवी रेघच मारायची.

आणि हे फक्त आमचंच रडगाणं आहे असं समजू नका. स्टाफरूममध्ये माझ्या शेजारी गणिताचे सर बसतात. तीन वर्षांत एक निबंध, पण असा की परदेशातून पत्रं येतात. गणितातल्या चांगल्या नियतकालिकाचा तो आकडा अनेकदा एकाच्या आसपास घुटमळतो, कारण तिथे सगळंच सावकाश. शिवाय गणितात लेखकांची नावं आडनावाच्या वर्णक्रमाने लावायची रीत आहे. आणि आमचा तक्ता काय म्हणतो? दोनपेक्षा जास्त लेखक असतील तर पहिल्या किंवा मुख्य लेखकाला ७० टक्के, बाकीच्यांना ३०. म्हणजे आपटे असाल तर प्रमोशन, वाघमारे असाल तर बसा. त्याच गणितात पेरेलमन या रशियन गणितज्ञाने पॉइन्कारेचा गाजलेला प्रश्न सोडवला, २००२-०३ मध्ये तीन लेख नुसते अर्काइव्ह या इंटरनेटवरच्या खुल्या संग्रहात टाकले आणि नियतकालिकाकडे फिरकलाही नाही. २००६ साली त्याला फील्ड्स पदक, गणितातला सर्वोच्च मान, जाहीर झालं, तेही त्याने घेतलं नाही. आमच्या छाननीत त्याला विचारलं असतं, पीअर रिव्ह्यूचं, म्हणजे तज्ज्ञांनी तपासल्याचं, प्रमाणपत्र जोडलंय का?

आता याच तक्त्याचं दुसरं टोक बघा. २०१५ मध्ये हिग्ज बोसॉन या मूलकणाच्या वस्तुमानावर एक निबंध आला, लेखक ५,१५४. तेहतीस पानांपैकी नऊ पानं मजकूर, बाकी नावांची यादी. त्यात वाईट काही नाही, कणांची टक्कर घडवणारं ते यंत्रच एवढं अवाढव्य आहे की तेवढी माणसं लागतातच. पण आमच्या सूत्राने एकाला ७० टक्के आणि उरलेल्या ५,१५३ जणांना ‘प्रत्येकी’ ३० टक्के. काल रात्री रागारागात कॅल्क्युलेटर काढला. एका निबंधातून साधारण १,५४६ निबंधांचे गुण पैदा होतात. कुबेराला लाजवेल असं खातं आहे! आणि एकटीने माळ्यावर बसून लिहिलं की तेच शंभर टक्के, त्यातही संपादन म्हणून कपात.

कॉम्प्युटर सायन्सवाल्याची आणखी वेगळी तऱ्हा. त्यांच्यात परिषदेतला निबंध हाच मोठा मान. नावाजलेल्या परिषदांत चारांतले तीन निबंध परत जातात. पण आपल्याकडे परिषद म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? एक दिवस, दीपप्रज्वलन, पुरी-भाजी-श्रीखंड, फाईल, पेन, प्रमाणपत्र. त्यामुळे त्या पोराचा निबंध ‘सादरीकरणा’च्या रकान्यात, श्रीखंडाशेजारी.

याद्यांचा तमाशा तर विचारूच नका. २०१७ मध्ये यूजीसीची मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी आली. कबूल करते, मीही तेव्हा त्यातल्या एका नियतकालिकाला दीड हजार भरले. चौथ्या दिवशी ‘ॲक्सेप्टेड विदाउट करेक्शन’. माझ्या निबंधात एक सन चुकला होता, मला स्वतःला नंतर सापडला. त्यांच्या ‘डबल ब्लाइंड’, म्हणजे लेखक कोण ते माहीत नसलेल्या, परीक्षकांना नाही सापडला. ब्लाइंडच ते. मे २०१८ मध्ये यादीतली ४,३०५ नियतकालिकं उडवली, त्यात ते गेलं. त्याच वर्षी भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी ‘करंट सायन्स’मध्ये दाखवून दिलं की विद्यापीठांनी सुचवलेल्या, कुठल्याच सूचीत नसलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून जास्त सुमार दर्जाची होती. घुसवली कोणी? आपणच, शिफारशी करकरून. मग २०१९ ला केअर लिस्ट, यूजीसीचीच नवी यादी, आली. निबंधासोबत यादीच्या पानाचा स्क्रीनशॉट जोडायचा, तारखेसकट, कारण उद्या नाव गळलं तर? लगेच चांगल्या नियतकालिकांच्या बनावट वेबसाइटी निघाल्या, हुबेहूब, फक्त बँक खातं वेगळं. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने केअर लिस्टच बंद केली. आता काय, तर संस्थांनी आपापलं ठरवावं. माझ्या फाईलमधले सत्तावीस स्क्रीनशॉट आता कशाला लावू, पुडीला?

आणि मोबाईलवर रोज सकाळी, गुड मॉर्निंगच्या फुलांच्या मध्ये : ‘मल्टिडिसिप्लिनरी स्पेशल इश्यू, मराठी-हिंदी-इंग्रजी सर्व विषय, ४८ तासांत प्रकाशन, प्लेजरिझम रिपोर्ट फ्री, आज रात्री १२ पर्यंत डिस्काउंट.’ गेल्या वर्षी असला एक अंक हातात आला. संत जनाबाईंच्या अभंगांवरचा लेख संपतो तिथेच, त्याच पानावर, डाळिंबावरील तेल्या रोगाचं व्यवस्थापन सुरू. दोन्ही लेखांना प्रत्येकी गुण मात्र पूर्ण. वाचणारा कोणीच नाही, ना अभंगाचा ना डाळिंबाचा. छापतात ते फक्त फाईलसाठी. मुखपृष्ठाची झेरॉक्स, अनुक्रमणिकेची झेरॉक्स, पहिल्या पानाची झेरॉक्स. आतलं दुसरं पान कोणी मागतच नाही.

एक सहकारी कळवळून म्हणाले, “मॅडम, पुस्तक कशाला काढलंत? त्याचेच दहा पेपर पाडायचे होते.” पेपर पाडायला ते काय विटा आहेत? पण माणूस खोटं बोलत नव्हता. दहा पाडले असते तर शंभर गुण हातात होते, आणि त्या वाड्यातले कागद दहा ठिकाणी विखरून पुन्हा कोणाला सापडले नसते. पहिल्यांदा वाळवी, दुसऱ्यांदा मी.

असो. उत्तर सात दिवसांत द्यायचंय. आज सकाळी प्रकाशकांना फोन लावला. काका पंचाहत्तरीचे, प्रुफं अजून स्वतः वाचतात, माझ्या पुस्तकात अजून त्यांचे पैसे अडकलेत. म्हटलं, काका, तुम्ही राष्ट्रीय प्रकाशक आहात असा काही पुरावा मिळेल का? पलीकडे जरा वेळ नुसती रिक्षांची हॉर्नबाजी.

“अहो ताई, दुकान पुण्यात अप्पा बळवंत चौकात आहे. राष्ट्रातच येतं की ते.”

म्हटलं, हेच लेटरहेडवर लिहून द्या, शिक्का मारून.