उष्टी गाडी

सप्टेंबर 2025 मध्ये छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा कर सेस धरून 29 टक्क्यांवरून 18 वर आला, आणि घरच्या ग्रुपवर लगेच निकाल लागला: आता जुनी गाडी कशाला घ्यायची, दुसऱ्याचं उष्टं! इंग्लंडात बसून हे वाचलं की डोकं फिरतं. इथे वापरलेल्या गाड्या नव्यांपेक्षा कितीतरी जास्त विकल्या जातात. दारात नऊ वर्षांची टोयोटा यारिस उभी आहे म्हणून कुणाची सोयरीक अडत नाही.

यावर तिकडचं ठरलेलं उत्तर: "तुमच्याकडे चालतं, इथे मीटर मागे फिरवतात." इंग्लंडातही फिरवतात. फक्त सरकारी वेबसाइटवर गाडीचा नंबर टाकला की सगळी एमओटी (दर वर्षीची सक्तीची तपासणी) हिस्ट्री फुकट समोर येते, दर वर्षीच्या मैलांसकट. 2019 ला 62 हजार आणि 2021 ला 48 हजार दिसले की पुढे बोलायचं कारण उरत नाही.

भारतात हा इतिहास आपणच जमवायचा, आणि तो जमतो. मालकाला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून जुनी जॉबकार्डं काढायला लावा. प्रत्येकावर किलोमीटर असतात. टायरवरचे चार आकडे वाचा: 1423 म्हणजे 2023 चा चौदावा आठवडा. गाडी 2021 ची, मीटर 20 हजारांवर आणि चारही टायर 2023 चे असतील, तर पहिले इतक्यात कसे झिजले हे विचाराच. पुरात बुडालेली गाडी सीटबेल्ट सांगतो. तो शेवटपर्यंत ओढा, आतल्या टोकाला गाळाची रेघ राहते. सीटखालच्या पट्ट्यांवर गंज असतो. पॉलिश करणारा तिथवर पोचत नाही.

इंजिन थंड असतानाच बघा, आधी सुरू करून ठेवू नका असं बजावून जा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. ऑइलच्या झाकणाखाली सायीसारखा फेस असेल तर बहुधा कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, ऑइलमध्ये उतरलंय, हेड गॅस्केटचा (इंजिनातल्या सीलचा) खर्च समोर आहे. मग हँडब्रेक ओढून तिसरा गिअर टाका आणि क्लच हळू सोडा. इंजिन गचकन बंद पडायला हवं. घरघरत राहिलं तर क्लचप्लेट संपलीय.

आता हिशेब. आठ लाखांच्या नव्या पेट्रोल गाडीवर महाराष्ट्रात 11 टक्के, म्हणजे 88 हजार रोड टॅक्स जातो, आणि विकताना तो कुणी वेगळा मोजून देत नाही. त्याच राज्याच्या पासिंगची जुनी गाडी घेतली तर तो पहिल्या मालकाने भरलेला असतो. दिल्लीची स्वस्त डिझेल मात्र महाराष्ट्रात तिकडच्या आरटीओची एनओसी आणि नव्याने टॅक्स भरून आणावी लागते, मग स्वस्ताई कुठे राहते? उलट बाजूही आहे. जुन्या गाडीच्या कर्जाला व्याज जास्त लागतं, आणि विक्रेता करकपातीच्या आधीच्या किमतीवरून भाव सांगत असू शकतो. तीन वर्षांच्या गाडीत आणि नवीत लाख-दीड लाखाचाच फरक उरत असेल तर खुशाल नवी घ्या. उष्टं म्हणून मात्र नको.

कागदांची घाई करू नका. थकलेली ई-चलनं भरल्याची पावती, बँकेचा बोजा उतरल्याचा फॉर्म 35, मालकी बदलाचे, मालकाच्या सहीचे फॉर्म 29 आणि 30 हातात आल्यावरच उरलेले पैसे द्या. विमा 14 दिवसांत नावावर करा. नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) मालकाबरोबर जातो, गाडीबरोबर येत नाही.

एवढं सुनावल्यावर इथलं झाकलेलंही सांगायला हवं. एमओटीत इंजिन, क्लच, गिअरबॉक्स कुणी तपासत नाही. हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ ब्रेकच्या नळ्या खातं; पुण्यातल्या बारा वर्षांच्या गाडीचा तळ बर्मिंगहॅमच्या सहा वर्षांच्या गाडीपेक्षा धड निघू शकतो. शिवाय तिकडे ओळखीचा मेकॅनिक चहावर सोबत येतो, बॉनेट उघडून कान लावतो आणि मान हलवतो. ती मान इथे कुठल्याच वेबसाइटवर मिळत नाही. इथे लॉगबुकची, म्हणजे गाडीच्या नोंदणी कागदाची, चिठ्ठी हातात पडते, फोनवर टॅक्स भरला की झालं. चाकाखाली लिंबू नाही, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक नाही, आणि पेढे कुठायत म्हणून विचारायला शेजारचं कुणी येत नाही.