युद्धात चोर सुट्टीवर जात नाहीत

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर एक मजकूर फिरतोय. ‘युद्ध आलं की माणसं एक होतात, चोऱ्या बंद पडतात. बॉम्ब पडत असताना लंडनची दुकानं उघडी असायची. मुंबईच्या गोदीत सोन्याच्या विटा उडाल्या, लोकांनी परत केल्या. ७१च्या ब्लॅकआऊटमध्ये दाराला कडी नव्हती.’ खाली तीन तिरंगे आणि ‘पुढे पाठवा’.

आधी दुसऱ्या महायुद्धातलं लंडन. इंग्लंड-वेल्समध्ये पोलिसांत नोंदलेले गुन्हे १९३९ साली तीन लाखांच्या आसपास होते, १९४५ साली पावणेपाच लाखांच्या वर गेले. पडक्या घरातून सामान उचललं तर फाशीपर्यंतची तरतूद करावी लागली. मार्च १९४१मध्ये लंडनच्या ‘कॅफे दे पारी’ या नाइटक्लबवर बॉम्ब पडला, तेव्हा मेलेल्यांच्या बोटांतल्या अंगठ्याही सुटल्या नाहीत.

विटांची गोष्ट मात्र अर्धी खरी. १४ एप्रिल १९४४ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज फुटलं. पोटात कापूस, दारूगोळा आणि सोनं. एक वीट एका पारशी गृहस्थांच्या घराचं छप्पर फोडून आत आली आणि त्यांनी ती परत केली. मोठंच मन! पण ही एका माणसाची गोष्ट. बारा-साडेबारा किलोची शिक्क्याची वीट कुठला सराफ मुकाट्याने घेणार होता? बाकी बऱ्याच विटा गोदीच्या गाळात रुतल्या आणि पुढे वर्षानुवर्षं गाळ उपसताना सापडत राहिल्या. गाळाच्या प्रामाणिकपणाचं श्रेय मुंबईकरांनी का घ्यावं?

खरी गंमत या मजकुराने ज्याला चोरी म्हणून धरलंच नाही, त्यात आहे. युद्धात जे दुर्मीळ होतं, त्यालाच पाय फुटतात. १९४०मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आणली, तसे जुने रुपये बाजारातून गडप झाले. गरजेपेक्षा जास्त नाणी साठवणं गुन्हा ठरलं, तरी दुकानदार सुट्ट्या पैशांसाठी रडतच होते. मे १९४३मध्ये मुंबईत रेशनिंग आलं आणि पाठोपाठ बोगस कार्डं. मेलेला आजोबा कार्डावर जिवंत राहून साखर खाऊ लागला. कापडावरही नियंत्रण आलं. हे करणारे घरफोडे नव्हते. शेजारी होते, मामा होते, रोज देवळात भेटणारे दुकानदार होते. ‘काळाबाजार’ म्हटलं की चोरी केल्यासारखं वाटायचं नाही, एवढाच फरक. घरफोड्या मोजल्या तर एखाद्या वर्षी कमी भरतीलही, कारण तरुण पोरं फौजेत गेलेली असतात. पण घरफोडी म्हणजे सगळी चोरी नव्हे.

राहिलं ७१. ३ डिसेंबरला युद्ध पेटलं, १६ला संपलं. काचांना काळे कागद, मोटारींचे दिवे अर्धे काळे. आमच्या लालबागच्या चाळीत लोक रात्री गॅलरीत एकत्र बसत, ते खरंच. आत्या आजही त्या गप्पांबद्दल भरभरून बोलते. पण ब्लॅकआऊटच्या तिसऱ्या की चौथ्या रात्री तळमजल्यावरच्या सार्वजनिक मोरीतला पितळी नळ कुणीतरी पिळून नेला. पहाटे पाणी आलं तेव्हा मोकळ्या पाइपातून धो धो वाहत होतं आणि बायका अंधारात बादल्या लावत होत्या. पोलिसात कोण जाणार, नळासाठी? एका काकांनी लाकडाची खुंटी तासून भोकात ठोकली. लढाई संपली तरी ती तिथेच होती.