एफएसआय वाढवला की घरं स्वस्त? आधी गणित मांडून बघा

मुंबईत घर का परवडत नाही, याचं एक तयार उत्तर दर काही महिन्यांनी नव्याने फिरत येतं. मजकूर थोड्याफार फरकाने असा असतो: "मुंबईचा एफएसआय फक्त 1.33, मॅनहॅटनचा 15. सरकारनेच टंचाई करून ठेवली आहे. एफएसआय वाढवा, घरं आपोआप स्वस्त होतील. शिवाय वाढीव बांधकामासाठी बिल्डर भरतात त्या प्रीमियमचा पैसा येईल, त्यातून पाणी, रस्ते, गटारं होतील." प्रत्येक वाक्यात सत्याचा थोडा अंश आहे, म्हणूनच हा मजकूर इतका टिकून आहे. पण हिशेब करायला बसलं की तो उलगडत जातो.

"मुंबईचा एफएसआय फक्त 1.33"

एफएसआय म्हणजे चटई क्षेत्र निर्देशांक. 1,000 चौरस मीटरच्या भूखंडावर 1.33 असेल तर सगळे मजले मिळून 1,330 चौरस मीटर. हा आकडा शहर भागाचा मूळ निर्देशांक आहे, उपनगरात तो 1. पण मूळ आकड्यावर आज कोणी थांबत नाही. त्यावर प्रीमियम भरून मिळणारा एफएसआय, त्यावर टीडीआर (दुसऱ्या जमिनीचा विकत घेतलेला बांधकामाचा हक्क) आणि या सगळ्यावर 35 टक्के फंजिबल, म्हणजे आणखी जादा बांधकाम. 2018 साली मंजूर झालेल्या विकास नियमावलीत रस्ता जितका रुंद तितका जास्त एफएसआय मिळतो. उपकरप्राप्त इमारती (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या भाड्याच्या इमारती), झोपडपट्टी पुनर्वसन, समूह पुनर्विकास यांना वेगळी कलमं आहेत आणि तिथे 3 किंवा 4 हे आकडे नवलाचे नाहीत.

आणखी एक. शहरात एफएसआयची मर्यादा 1964 च्या नियमांनी आली. गिरगाव, काळबादेवीच्या चाळी त्याच्या कितीतरी आधीच्या. त्यांतल्या अनेकींनी 1.33 केव्हाच ओलांडलेला आहे. तेव्हा "1.33 चं शहर" हे कागदावरही नाही आणि जमिनीवरही नाही.

"मॅनहॅटनमध्ये 15"

15 हा तिथल्या मोजक्या व्यापारी भूखंडांचा आकडा. निवासी इमारतींना न्यूयॉर्क राज्याच्या कायद्याने 1961 पासून 12 ची कमाल मर्यादा होती, ती उठवण्याची मुभा 2024 साली मिळाली. आणि 12 सुद्धा सगळीकडे नाही, बऱ्याच गल्ल्यांत त्याहून पुष्कळ कमी. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, 1811 च्या आराखड्यात तिथे घरांआधी रस्ते आखले गेले: लांब मार्ग 100 फुटी, आडवे रस्ते साधारण 60 फुटी. एफएसआय भूखंडावर मोजतात, रस्त्यावर नाही. त्यामुळे दोन शहरांचा एफएसआय शेजारी ठेवताना रस्त्याची रुंदी सोडली तर तुलनेला अर्थ राहत नाही. (आणि हो, इतका एफएसआय असूनही मॅनहॅटन स्वस्त नाही. हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांना हे कसं सुचत नाही, कळत नाही.)

"वाढवा, घरं आपोआप स्वस्त होतील"

मुख्य दावा हाच, म्हणून इथे जरा थांबू. उपनगरातली, पुनर्विकासाला निघालेली एक काल्पनिक सोसायटी घ्या: भूखंड 2,000 चौरस मीटर, 40 सदनिका, प्रत्येकी 50 चौरस मीटर. म्हणजे मूळ 1 चा एफएसआय वापरून झालेला. समोर 9 मीटरचा रस्ता. सगळं मिळून 2 एफएसआय धरला तर 4,000, त्यावर 35 टक्के फंजिबल, एकूण 5,400. जुन्या सभासदांना त्यांचं क्षेत्र अधिक फंजिबल, म्हणजे 2,700. विक्रीला उरले 2,700. थोडक्यात, विक्रीच्या प्रत्येक चौरस मीटरच्या डोक्यावर दोन चौरस मीटर बांधायचा खर्च. बांधकाम 40,000 रुपये चौरस मीटर धरलं तर इथेच 80,000 झाले. प्रीमियम, टीडीआर, सभासदांचं तीन वर्षांचं भाडं, कॉर्पस (सोसायटीला द्यायची ठोक रक्कम) आणि कर्जाचं व्याज अजून यायचं आहे. जिने, लिफ्ट, पार्किंग हे बरंचसं एफएसआयमध्ये मोजत नाहीत, पण बांधावं तर लागतंच.

आता एफएसआय 2 वरून 3 केला असं समजा. एकूण 8,100, सभासदांना तेवढेच 2,700, विक्रीला 5,400. डोक्यावरचा भार दोनवरून दीडवर आला. मग भाव उतरायला हवा ना? नाही. कारण पहिली सर्वसाधारण सभा भरली की सभासद विचारणार, "वाढीव एफएसआय आमच्या जमिनीवर, मग आम्हाला 35 टक्केच का?" तीन बिल्डर निविदा भरणार, जो 60 टक्के जादा देईल त्याला काम. 60 टक्क्यांनी सभासदांचे होतात 3,200, विक्रीला उरतात 4,900, आणि भार पुन्हा 1.65 वर. वर कॉर्पस वाढलेला. यात सभासदांचं चुकतं असंही नाही, जमीन त्यांची आहे.

नवीन सदनिकेचा भाव बांधकामाच्या खर्चावरून ठरत नाही. त्या भागात गिऱ्हाईक किती मोजायला तयार आहे, त्यावरून तो आधी ठरतो. त्यातून खर्च आणि नफा वजा करून जे उरतं, ती जमिनीची किंमत. एफएसआय वाढला की हे उरलेलं वाढतं, आणि ते जमीन ज्याची त्याला मिळतं. जानेवारी 2021 मध्ये राज्य सरकारने प्रीमियम वर्षअखेरपर्यंत निम्मा केला, तेव्हा गिऱ्हाइकाचं मुद्रांक शुल्क बिल्डरने भरावं अशी अट घातली. सवलत आपोआप खरेदीदारापर्यंत पोचत असती तर अशी अट घालायची गरज नव्हती.

"सरकारनेच टंचाई केली"

हे अर्धं मान्य. 1976 च्या कमाल जमीन धारणा कायद्याने मोकळ्या जमिनी वर्षानुवर्षं अडकून पडल्या. राज्याने तो 2007 साली गुंडाळला. भाडे नियंत्रणाने चाळींची दुरुस्ती मालकाला नकोशी केली. दर माणशी घराचं क्षेत्र मुंबईत फार कमी आहे आणि बांधकाम वाढायला हवं, यावर वाद नाही.

पण जमीन मोकळी झाली की परवडणारी घरं येतात, याची परीक्षा गिरणगावात झालेली आहे. शहराच्या मधोमध गिरण्यांची सुमारे 600 एकर जमीन. 1991 च्या नियमात मोकळ्या जागांसाठी एक तृतीयांश, म्हाडासाठी एक तृतीयांश, उरलेला मालकाला, अशी वाटणी होती. 2001 च्या दुरुस्तीत ही वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जागेला लागू झाली आणि सार्वजनिक वाटा आक्रसला. 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. लोअर परळला पुढे काय उभं राहिलं, ते ट्रेनमधून दिसतं. गिरणी कामगारांना जी घरं मिळाली, 2012 च्या पहिल्या सोडतीतली 6,925 धरून, ती कायद्याने राखलेल्या वाट्यातून मिळाली, बाजाराच्या कृपेने नाही. आणि त्या आधीच्या वर्षी, 2011 च्या जनगणनेत, मुंबईत सुमारे 4.8 लाख घरं रिकामी होती.

"प्रीमियममधून सुविधा होतील"

प्रीमियम राज्य सरकार, पालिका आणि राज्याच्या काही संस्था यांच्यात वाटला जातो. टीडीआरचा पैसा तर टीडीआर ज्याच्याकडे आहे त्याला जातो. तुमच्या गल्लीसाठी बाजूला काढून ठेवलेली रक्कम यात कुठे नसते.

वरच्याच सोसायटीकडे परत या, तेही 2 एफएसआयवर. आधी 40 घरं, घरटी पाच माणसं, माणशी 135 लिटर: दिवसाला 27,000 लिटर. विक्रीच्या सदनिका 100 चौरस मीटरच्या धरल्या तर आणखी 27 घरं, मागणी 45,000 लिटरच्या वर. नळजोडणी मोठी मागता येते, पण रस्त्याखालची मुख्य वाहिनी तीच, आणि गल्लीतल्या दहा सोसायट्यांनी हेच केलं की टोकाच्या इमारतीचा दाब जातो. पावसाचंही तेच. जुन्या पर्जन्यवाहिन्या ताशी 25 मिलिमीटरसाठी होत्या, मुंबईच्या पर्जन्यवाहिन्यांवरच्या 1993 च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने 50 ची शिफारस केली. दरम्यान जुन्या इमारतीभोवतीची माती पोडियमने (पार्किंगच्या चौथऱ्याने) आणि तळघराने झाकली जाते, आणि पूर्वी जिरणारं पाणी थेट गटारात येतं.

आणि तो 9 मीटरचा रस्ता. दोन्ही बाजूंना गाड्या लागल्या की दोन-दोन मीटर गेले, उरले पाच. अग्निशमन दलाची गाडी त्यातून शिरते, समोरून पाण्याचा टँकर येत नसेल तर.