फोन न उचलण्याची फी

गणपतीच्या आधी आठ दिवस भाच्याचा फोन आला. "मावशी, तू बँकेत होतीस ना, एक विचारू?"

मी राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झाले त्याला चार वर्षं झाली. शेवटची सहा वर्षं वसुलीत काढली. त्यामुळे नात्यातलं कुणी "एक विचारू?" म्हणालं की मी समजून जाते, हप्ता थकलाय. पण याचा प्रश्न जरा वेगळाच निघाला. "कंपनीवाल्यांनी सांगितलंय, बँकेचा फोन उचलायचाच नाही. पण आज बँकेचा माणूस सोसायटीच्या गेटवर आला होता. काय करू?"

कुठली कंपनी, असं मी विचारलं आणि मग सगळं बाहेर आलं.

मुलगा चौतीस वर्षांचा. चाकणला नोकरी, हातात ४६ हजार. दोन क्रेडिट कार्डं, एक पर्सनल लोन, तीन ॲपवरची कर्जं, मिळून ७ लाख ४० हजार. हप्ते आणि कार्डांचे मिनिमम धरले तर महिन्याला ३८ हजार. व्यसन नाही, जुगार नाही. ताईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनपासून सुरुवात झाली. तेव्हा मी पैसे विचारले होते, तर म्हणाला होता, "इन्शुरन्स आहे गं." इन्शुरन्सने निम्मेच दिले होते, हे मला आत्ता कळलं. मग एका कार्डाचं भरायला दुसरं कार्ड, दुसऱ्याचं भरायला ॲप.

आणि मग मोबाइलवर एक जाहिरात. 'कर्जातून कायदेशीर सुटका, वसुलीचे फोन बंद.' नाव लिहीत नाही. अशा बऱ्याच आहेत आणि पद्धत साधारण सारखीच असते.

त्याचा करार मी वाचला. महिन्याला ४,५०० फी, वर जीएसटी, म्हणजे ५,३१०. सगळे हप्ते थांबवायचे. त्याऐवजी महिन्याला १४ हजार एका वेगळ्या खात्यात टाकायचे. त्यातून आधी कंपनीची फी जाणार, उरलेलं साठणार, पुरेसं साठलं की एकेका बँकेशी 'सेटलमेंट'. आठ महिन्यांत फी गेली ४२,४८०. एवढ्या काळात मिटलं एकच कार्ड, ८८ हजारांचं, ४५ हजारांत. वाचलेल्या ४३ हजारांवर पंधरा टक्के 'यश शुल्क', जीएसटी धरून ७,६११. एकूण पन्नास हजार एक्क्याण्णव. त्रेचाळीस हजार वाचवायला पन्नास हजार. मी कॅल्क्युलेटरवर दोनदा करून पाहिलं, तो शेजारी बसून बघत होता.

दरम्यान बाकीची पाच खाती फुगतच होती. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं. लाखावर ३,५०० व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ६३०, म्हणजे महिन्याला ४,१३०. (तुम्ही पाच टक्के 'मिनिमम ड्यू' म्हणून पाच हजार भरता ना, त्यातले मुद्दलात जातात ८७०. हे बिलावर ठळक अक्षरांत कधीच दिसत नाही.) हप्त्याचा ऑटो डेबिट बाउन्स झाला की ज्या बँकेत पगार जमा होतो ती वेगळा दंड लावते, आणि ॲपवाले महिन्यातून दोन-तीनदा प्रयत्न करतात.

आता वसुलीच्या टेबलापलीकडून सांगते. हप्ते थांबवा, असं या कंपन्या का सांगतात? खातं नीट चालू असेल तर कुठलीही बँक तडजोडीला सहसा तयार होत नाही. सलग ९० दिवस थकलं की ते एनपीए, म्हणजे बँकेच्या हिशेबात अनुत्पादक कर्ज होतं, मग बुडीत धरून नफ्यातून तरतूद करावी लागते, वरून दट्ट्या येतो आणि 'ओटीएस'ची, म्हणजे एकरकमी तडजोडीची फाइल हलते. मार्च जवळ आला की जास्तच हलते. म्हणजे कंपनी ज्याला आपलं कसब म्हणते, तो निम्म्याहून जास्त नुसता वेळ आहे. कर्जदार थकला, बँक थकली, की बँक स्वतःच पत्र पाठवते. भाच्याच्या फोनमध्ये त्या कार्डाच्या बँकेचा एसएमएस मला सापडला. ४६ हजारांत खातं बंद करण्याची ऑफर, थेट त्यालाच, सेटलमेंटच्या तीन आठवडे आधीची. त्याने उघडलाच नव्हता. उघडायचा नाही असं सांगितलं होतं ना.

हजार रुपयांचा फरक.

मी त्याला विचारलं, तुला हे स्वतः करता आलं नसतं का? पदवीधर आहेस, कंपनीत व्हेंडरशी रोज भाव करतोस. बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मावशी, फोन वाजला की पोटात गोळा यायचा. कुणीतरी म्हणालं की आता तू नको बोलूस, आम्ही बोलतो. बास, तेवढंच पाहिजे होतं."

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. हे लोक फी घेतात ती वाटाघाटींची नाही, आपल्या लाजेची. आपल्याकडे कर्ज काढताना पेढे वाटतात, पण थकलं की बायकोलाही सांगत नाहीत. ज्याला कुणाला सांगता येत नाही, त्याच्याकडून सांगण्याचे पैसे घेणं सोपं असतं. आणि खरं म्हणजे फोनही थांबत नाहीत. तुम्ही उचलत नाही एवढंच. न उचललेला फोन मग गेटवर येतो.

पैसे घेतात ते लबाड आणि फुकट ते चांगलं, असं मात्र मी म्हणत नाही. फुकटातलंही बरंच काही मी पाहिलंय. 'कर्जाबाबत मोफत सल्ला' देणारा माणूस बहुतेक वेळा एजंट असतो. सहा कर्जांचं एक मोठं कर्ज करून देतो, हप्ता कमी दिसतो कारण मुदत दुप्पट झालेली असते, आणि त्याचं कमिशन नवं कर्ज देणारा देतो. तुमच्या खिशातून काही जात नाही म्हणून ते फुकट वाटतं, इतकंच. कर्जमाफीचं प्रमाणपत्र देतो म्हणून 'सेवा शुल्क' उकळणाऱ्यांबद्दल तर रिझर्व्ह बँकेने ११ डिसेंबर २०२३ रोजी जाहीर पत्रक काढून सावध केलं होतं. असली प्रमाणपत्रं चुलीत घालायच्या लायकीची. 'सिबिल', म्हणजे कर्जफेडीची नोंद, 'साफ करून देतो' म्हणणारा हाही त्याच कुळातला. नोंद चुकीची असेल तर तक्रार फुकट करता येते, तीस दिवसांत निकाल लागला नाही तर उलट तुम्हालाच दिवसाला शंभर रुपये भरपाईची तरतूद आहे. आणि नोंद खरी असेल तर ब्रह्मदेवही ती पुसू शकत नाही.

तर आम्ही काय केलं ते सांगते.

आधी त्याच्या बायकोला टेबलाशी बसवलं. हे सगळ्यात अवघड गेलं. ती रडली नाही, चिडली, आणि मग आतून एक वही घेऊन आली.

मग क्रेडिट रिपोर्ट काढले. सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हायमार्क, चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा संपूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो. त्यात एक ॲपवालं कर्ज निघालं जे त्याने फेडलेलं होतं आणि तरी चालू दिसत होतं. वहीत उरलेल्या पाच खात्यांची पाच पानं केली. ज्यांचं व्याज सगळ्यात जाळणारं ते वर.

उरलेल्या कार्डाच्या बँकेला ईमेल लिहिला. मजकूर चार ओळींचा: पगार किती, घरखर्च किती, महिन्याला किती भरू शकतो, बाकी रकमेचे कमी व्याजाने हप्ते करून द्या. पहिलं उत्तर छापील आलं. दुसरा ईमेल नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे बँकेत तक्रारी बघणाऱ्या अधिकाऱ्याला गेला, तेव्हा माणसाने लिहिलेलं उत्तर आलं. बँकेच्या साइटवर तळाशी, बारीक टायपात, ते नाव असतं.

एका ॲपचा वसुलीवाला रात्री नऊ वाजता फोन करायचा आणि ऑफिसातल्या साहेबाला सांगेन म्हणायचा. वसुली एजंटने सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, हे रिझर्व्ह बँकेने २०२२ साली स्पष्ट केलंय. चारचौघांत बेअब्रू करायची नाही, हेही. त्याची लेखी तक्रार आधी त्या कंपनीकडे केली. तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. ऑनलाइन अर्ज असतो, फी शून्य, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा नंबर. पण लोकपाल कर्ज कमी करून देत नाही, तो बँकेचा व्यावसायिक निर्णय समजला जातो. तो वागणूक आणि नियम बघतो. आमचं काम तिसाव्या दिवसाच्या आतच झालं, फोन दिवसाउजेडी यायला लागले.

पर्सनल लोनचं प्रकरण लोकअदालतीत नेलं. शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, तिथे दावापूर्व, म्हणजे कोर्टात दावा दाखल होण्याआधीचं, प्रकरण म्हणून घेतलं. कोर्ट फी नाही. तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही, म्हणून सही करण्याआधी आकडे तीनदा वाचायचे. लोकअदालतीबद्दल एक गुपित सांगते, आता निवृत्त झाले म्हणून. बँकेचा अधिकारी तिथे येतो तेव्हा किती सोडायचं हे वर आधीच ठरलेलं असतं. मीही तशीच जायची, फाइलमध्ये पेन्सिलीने लिहिलेला आकडा घेऊन. त्या दिवशी न्यायाधीशांसमोर कितीही गयावया केली तरी त्या आकड्याखाली कुणी उतरत नाही. म्हणून आदल्या पंधरवड्यात शाखेत जाऊन बोलायचं. आकडा तेव्हा लिहिला जातो.

आम्ही सूट मागितलीच नाही, मुदत मागितली. सूट घेतली की रिपोर्टवर 'सेटल्ड' असा शिक्का बसतो आणि वर्षानुवर्षं छळतो. जिच्याशी तडजोड केली ती बँक निदान बारा महिने पुन्हा दारात उभं करत नाही. त्या मिटवलेल्या कार्डाचा शिक्का आता त्याच्या नावावर आहेच. कंपनीने करारात तो उल्लेख केला होता, अकराव्या पानावर.

आणि हो, पैसे मीही मोजायला लावले. एका कर्जापोटी दिलेला चेक परत गेला होता आणि चेक न वटल्याबद्दलच्या कलम १३८ ची नोटीस आली होती. नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे द्यायचे असतात, नाहीतर फौजदारी तक्रार होऊ शकते. तिथे मावशीचं ज्ञान चालत नाही. ओळखीच्या वकीलबाईंकडे गेलो, त्यांनी साडेतीन हजार घेतले आणि उत्तर लिहून दिलं. एक काम, एक रक्कम, पावती. ही फी मला कधीच डाचली नाही. विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकीलही मिळतो, पण याचा पगार त्या मर्यादेच्या वरचा होता. नोटीस त्याच्या बायकोच्या नावाची असती तर मिळाला असता, कारण बाईला उत्पन्नाची अट नाही. हे कितीजणींना माहीत आहे?

गावाकडे खासगी सावकार असेल तर मार्ग वेगळा. विनापरवाना सावकारीविरुद्ध २०१४ चा कायदा आहे आणि तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडे करायची. त्यावर पुन्हा कधीतरी लिहीन, तो विषय कडू आहे.

माझा राग खरा आहे तो आमच्याच लोकांवर. बँक ऑफ इंडियाने २००६ साली मुंबईत 'अभय' नावाचं कर्ज समुपदेशन केंद्र काढलं होतं. रिझर्व्ह बँकेने २००९ मध्ये अशा केंद्रांची आदर्श योजना आणली, सल्ला फुकट आणि समुपदेशक बँकेच्या वसुलीपासून लांब. कल्पना किती शहाणी होती! पुढे त्या केंद्रांचा भर खाती उघडणं आणि गावोगावी शिबिरं घेण्यावर गेला. तेही काम हवंच, पण चाकणच्या शिफ्टवरून रात्री बाराला परतणाऱ्या पोराने जायचं कुठे? बँकेकडून थकबाकीचे दिवसाला चार एसएमएस येतात. त्यातल्या एकात 'अडचण असेल तर इथे फुकट बोला' एवढी ओळ घालायला काय लागतं? मी नोकरीत असताना हे एकदा मीटिंगमध्ये बोलले होते. साहेब हसले आणि चहा सांगितला. मीही पुन्हा बोलले नाही, ते माझं चुकलंच. ती जागा रिकामी राहिली, म्हणून जाहिरातवाले तिथे येऊन बसले.

कंपनीचा करार आम्ही लेखी रद्द केला. गेलेली फी परत मागितली आहे, अजून उत्तर नाही. नाही आलं तर ग्राहक आयोगाकडे जाऊ.

परवा तो आमच्याकडे आला होता तेव्हा बँकेचा फोन आला. माझ्याकडे बघितलं, मग स्पीकर लावला. पलीकडची मुलगी मराठीच निघाली, बहुतेक कोल्हापूरकडची. याने वही उघडली आणि सांगितलं, "पाच तारखेला ६,२०० भरलेत, पावती मेल केलीय, पुढचे पुढच्या पाचला." ती म्हणाली, "बरं सर, नोंद करते." दीड मिनिटसुद्धा झालं नसेल. त्याने फोन ठेवला आणि विचारलं, "मावशी, अजून एक भाकरी आहे का?"